चेनसॉचा बार आणि चेन : मध्यम यंत्रासाठी निवड

चेनसॉच्या इंजिनातून पुढे आलेल्या चपट्या पोलादी पट्टीला बार म्हणतात आणि तिच्या कडेच्या खाचेतून फिरणाऱ्या दातेरी साखळीला चेन. बार, चेन आणि चेन ओढणारे दातेरी चाक म्हणजे स्प्रॉकेट हा एकच संच आहे. तिन्हींची मापे जुळली तरच तो नीट चालतो. साधारण ४५ ते ६० सीसी इंजिनाचे यंत्र मध्यम आकाराचे समजतात. त्याची शक्ती बहुधा २.३ ते ३.५ किलोवॉट असते. निवडीचा प्रश्न याच गटात सर्वांत अवघड आहे. छोट्या यंत्रांना पर्याय मोजकेच असतात आणि मोठ्यांना ताकदीची वाण नसते. मध्यम यंत्रावर मात्र १३ पासून २२ इंचांपर्यंतचे बार आणि निदान दोन पिचच्या (साखळीच्या कड्यांमधील अंतराच्या मापाच्या) चेन चढवता येतात. त्यांतल्या सगळ्याच त्याला पेलतात असे नाही.

पूर्वपीठिका : साखळीने कापण्याची कल्पना लाकूडतोड्यांची नव्हे, शल्यविशारदांची आहे. तिचे श्रेय जॉन एटकिन व जेम्स जेफ्री या दोन स्कॉटिश वैद्यांमध्ये विभागले जाते. एटकिन यांच्या प्रसूतिशास्त्रावरील ग्रंथाच्या १७८५ च्या आवृत्तीत लवचीक साखळी करवतीचे चित्र आहे. प्रसूती अडल्यास जघनास्थीचा सांधा कापणे हा तिचा हेतू. ग्लासगोचे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक जेफ्री यांनी ही कल्पना आपल्याला १७८३–८४ च्या सुमारास स्वतंत्रपणे सुचल्याचे पुढे सांगितले, मात्र त्यांची करवत प्रत्यक्षात १७९० मध्ये तयार झाली. छापील पुरावा एटकिन यांच्या बाजूने जातो. तथापि या दोन्ही करवती म्हणजे दोन टोकांना मुठी लावलेली साखळी. ती हाताने पुढेमागे ओढायची. बारचा विचार करायचा, तर खरा पूर्वज म्हणून बर्नहार्ट हाइने या जर्मन वैद्याचे १८३० च्या आसपासचे अस्थिछेदक यंत्र धरणे अधिक योग्य. त्यात बंद वेढ्याची साखळी एका पट्टीभोवती हँडलने फिरवली जाई, आणि आजची रचना मुळात तीच आहे.

लाकडासाठी बंद साखळीची करवत सॅन फ्रान्सिस्कोच्या सॅम्युएल बेन्स यांनी १९०५ मध्ये पेटंट केली. कॅलिफोर्नियातील महाकाय रेडवुड पाडणे हे तिचे उद्दिष्ट होते. इंजिनावर चालणाऱ्या यंत्राबाबत जर्मनीतच दोन दावे आहेत. आंड्रेआस स्टिल यांची विजेवरची करवत १९२६ ची व पेट्रोलवरची १९२९ ची, तर एमिल लेर्प यांनी थुरिंजियातील डोलमार टेकडीवर पेट्रोलची करवत १९२७ मध्ये चालवून दाखवली. म्हणजे पेट्रोल यंत्रापुरता लेर्प यांचा अग्रक्रम मानावा लागतो.

चेनच्या दातांचा प्रश्न यानंतरही सुटला नव्हता. जुन्या चेनचे दात हातकरवतीसारखे लाकूड ओरखडत असत. त्यांना वेगवेगळ्या कोनांत धार लावावी लागे आणि ती लवकर जाई. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील लाकूडतोडे जोसेफ कॉक्स यांनी १९४६ मध्ये ओंडका पोखरणारी भुंग्याची अळी पाहिली. तिचे जबडे डावीकडे व उजवीकडे आळीपाळीने लाकूड कापत जातात. त्यावरून त्यांनी डाव्या-उजव्या वळणदार कटरांची (कापणाऱ्या दातांची) चेन बनवली व १९४७ मध्ये कंपनी सुरू केली. आज विकली जाणारी जवळपास प्रत्येक चेन याच घडणीची आहे.

लांबी : बारवर लिहिलेली लांबी म्हणजे पूर्ण पट्टीची लांबी नव्हे. यंत्राच्या पुढच्या कडेपासून नाकापर्यंत, म्हणजे बारच्या पुढच्या टोकापर्यंत, जेवढा बार कापण्यास मोकळा असतो, ती लांबी जवळच्या इंचात लिहितात. ४५ सीसीला १५–१६ इंच, ५० सीसीला १५ ते १८ आणि ५५–६० सीसीला १६ ते २० इंच हे रोजच्या कामाचे माप होय. नेहमी कापाव्या लागणाऱ्या लाकडाच्या जाडीपेक्षा बार दोनेक इंच जास्त असावा, पण ‘नेहमी’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. वर्षातून एकदा येणाऱ्या मोठ्या बुंध्यासाठी लांब बार घेऊ नये. ओंडका दोन्ही बाजूंनी कापला, तर बारच्या दुपटीहून थोडी कमी जाडीही निघते.

लांब बारचा तोटा इंजिन सोसते. १८ इंचांचा बार चिंचेच्या किंवा बाभळीच्या खोडात पूर्ण रुतला की एकाच वेळी दुप्पट-तिप्पट दात लाकडाला भिडतात. फेरे खाली येतात, चेन थबकते, क्लच घसरून तापतो. थ्रॉटल पूर्ण दाबलेला असूनही चेन उभी, ही बार मोठा झाल्याची ठळक खूण. शिवाय लांब बारने वजन पुढे जाते, नाक जमिनीला टेकते आणि धार लावायचे दात वाढतात. पूर्ण दातांच्या चेनमध्ये ड्राइव्ह लिंकच्या (बारच्या खाचेत उतरणाऱ्या कड्यांच्या) निम्मे कटर असतात. ७२ लिंकच्या चेनला ३६, ८० लिंकच्या चेनला ४०. भारतीय बाजारात ५८ सीसीचे स्वस्त यंत्र २२ इंची बारसह सर्रास विकले जाते. ते मऊ लाकडात, बार अर्धाच बुडालेला असताना, चालून जाते. कठीण लाकडासाठी त्याच यंत्रावर १८ इंची बार चढवणे शहाणपणाचे.

पिच, गेज आणि लिंकची संख्या : चेन विकत घेताना लांबी सांगून भागत नाही. तीन आकडे लागतात, आणि दुकानात होणाऱ्या बहुतेक चुका इथेच होतात.

पिच म्हणजे लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधील अंतराचा निम्मा भाग. व्हर्नियरने तीन रिव्हेटांचे अंतर १६.५ मिमी आले तर पिच ०.३२५ इंच, १९ मिमी आले तर ३/८ इंच आणि २०.५ मिमी आले तर ०.४०४ इंच. शेवटचे माप मोठ्या यंत्रांचे आहे. ३/८ मध्येही दोन जाती आहेत. छोट्या यंत्रांची ‘लो प्रोफाइल’ चेन पिचला तीच असली, तरी अंगाने बुटकी व हलकी असते आणि तिचा स्प्रॉकेट वेगळा असतो. ५० सीसीच्या पुढे ती वापरू नये.

गेज म्हणजे ड्राइव्ह लिंकची, अर्थात बारच्या खाचेत उतरणाऱ्या पात्याची, जाडी : ०.०५० इंच (१.३ मिमी), ०.०५८ (१.५ मिमी) किंवा ०.०६३ (१.६ मिमी). जाड चेन अरुंद खाचेत जात नाही, म्हणून ती चूक लगेच कळते. उलटी चूक फसवी. ०.०५० ची चेन ०.०५८ च्या बारमध्ये आरामात बसते आणि मग कलंडत चालते. काप वाकडा जातो व खाचेच्या कडा झिजतात. जुन्या बारची खाच झिजून रुंद झालेली असते, त्यामुळे गेज तिच्यावरून ठरवू नये; बारच्या मागच्या टोकाजवळचा शिक्का वाचावा.

तिसरा आकडा लिंकचा. एकाच लांबीच्या बारला सगळ्या कंपन्यांत तेवढेच लिंक लागत नाहीत. ०.३२५ पिचच्या १८ इंची बारला हुस्क्वर्नाच्या यंत्रावर ७२ लिंक लागतात, स्टिलच्या यंत्रावर ७४. २० इंचाला अनुक्रमे ८० आणि ८१, तर चिनी ५२–५८ सीसी यंत्रांच्या २० इंची बारला बहुधा ७६. बार यंत्रावर कुठे बसतो आणि स्प्रॉकेटपासून किती दूर राहतो, यातून हा फरक पडतो. एक लिंक म्हणजे वेढ्यात १६.५ मिमी, म्हणजेच बार सव्वाआठ मिलिमीटर पुढे सरकवावा लागतो. दोन लिंक जास्त झाले की ताण देणाऱ्या स्क्रूची हद्द संपते आणि चेन लोंबतीच राहते. जुन्या चेनचे लिंक एक-एक मोजावेत, निम्म्यावर खडूची खूण करावी. बारच्या मागच्या खाचा आणि तेलाचे छिद्रही जुळायला हवे. हुस्क्वर्नाचा छोटा बसाव (बार यंत्रावर बसण्याची घडण) के०९५ व मोठा डी००९ हे शेजारी ठेवले तर सारखे वाटतात, पण एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

०.३२५ की ३/८ : ५० सीसीच्या यंत्राला हा प्रश्न खरा असतो. स्प्रॉकेटच्या प्रत्येक दातामागे चेन पिचच्या दुप्पट सरकते. सात दातांच्या स्प्रॉकेटवर ०.३२५ ची चेन एका फेऱ्यात ११५.६ मिमी, तर ३/८ ची १३३.४ मिमी जाते. मिनिटाला ९,५०० फेऱ्यांना हा वेग सेकंदाला १८.३ व २१.१ मीटर होतो. वेग १५ टक्क्यांनी वाढला, तर दातावरचा जोर त्याच प्रमाणात घटणार. म्हणून १६–१८ इंची बार आणि कठीण लाकूड असेल, तर ०.३२५ बरी. त्यातही ०.०५० गेजची अरुंद कापाची चेन घेतली, तर तितक्याच ताकदीत जास्त काम निघते. ६० सीसीच्या जवळचे यंत्र व २० इंची बार असेल तर ३/८ चे मजबूत दात उपयोगी पडतात. पिच बदलताना चेनबरोबर स्प्रॉकेट आणि दातेरी नाकाचा बारही बदलावा लागतो. एकटी चेन बदलली तर ती स्प्रॉकेटवर चढते आणि लिंकची टोके चेपून खाचेत अडकतात.

दातांचे प्रकार : फुल चिझल चेनच्या कटरचा कोपरा चौकोनी व तीक्ष्ण असतो, सेमी-चिझलचा गोलसर. स्वच्छ, ओल्या, मऊ लाकडात पहिली वेगाने जाते, पण एकदा मातीला वा वाळूला लागली की कोपरा बोथटतो आणि ती निकामी होते. सागाच्या लाकडात सिलिका असते, रस्त्याकडेच्या आंब्या-वडाच्या सालीत धूळ भरलेली असते. महाराष्ट्रातल्या बहुतेक कामांना त्यामुळे सेमी-चिझल चेनच धरून चालावी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीत नारळी-पोफळी आणि आंब्याची झाडे वाळू-मातीत लोळलेली होती. तशा कामात फुल चिझलचा उपयोग नाही. दातांमधले अंतर वाढवून दात कमी केलेली स्किप चेन २४ इंचांहून लांब बारसाठी असते, मध्यम यंत्रावर तिचे कारण नाही. फळ्या पाडायच्या तर कटरचा कोन ३० ऐवजी १० अंश ठेवतात.

उसळी : नाकाचा वरचा चतुर्थांश लाकडाला लागला की बार क्षणात वर, चालवणाऱ्याकडे, उसळतो. कटरपुढे उतरते बंपर असलेल्या कमी उसळीच्या चेनची व्याख्या अमेरिकेच्या एएनएसआय बी१७५.१ मानकात ३.८ घन इंचांपेक्षा (सुमारे ६२ सीसी) लहान यंत्रांसाठी आहे, म्हणजे सगळी मध्यम यंत्रे तिच्या कक्षेत येतात. लहान त्रिज्येच्या नाकाचा बारही उसळी कमी करतो. नवख्या माणसाच्या हातात दुसरे काही देऊ नये. ही चेन नाकाने भोसकून कापायला मात्र मंद पडते.

तेल, ताण, झीज : पंपाच्या क्षमतेपेक्षा लांब बार लावला की टोकापर्यंत तेल पोहोचत नाही, नाकाजवळचा रंग निळसर होतो. चालू यंत्राचे नाक फिक्या ओंडक्यासमोर धरल्यावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. पेट्रोलच्या एका टाकीमागे तेलाचीही जवळपास एक टाकी संपावी. ताण थंड चेनवर, नाक वर उचलून द्यावा : खालच्या कडेला चेन बारला टेकलेली, पण हाताने सहज फिरणारी. काम संपल्यावर गरम चेन ताणलेली ठेवू नये, थंड होताना ती आवळते आणि क्रँकच्या बेअरिंगवर भार येतो.

०.३२५ ला ४.८ मिमीची गोल कानस लागते, ३/८ ला ५.२ किंवा ५.५ मिमीची, लो प्रोफाइलला ४ मिमीची. डेप्थ गेज, म्हणजे दात किती खोल जाईल ते ठरवणारा कटरपुढचा उंचवटा, कटरपेक्षा ०.६५ मिमी खाली असावा. तो उंच राहिला तर कितीही धार लावा, ढलप्यांऐवजी भुसा पडतो. जास्त खाली गेला तर चेन लाकडात हिसके देते. काप सतत एका बाजूला वळत असेल, तर आधी डाव्या-उजव्या दातांची लांबी मोजावी, मग बारच्या दोन्ही कडांची उंची. दर चेनबदलाला बार उलटा करून बसवावा आणि कडांवर आलेली बर (धातूची खरखरीत उठलेली कड) सपाट कानशीने काढावी. दोन चेन झिजल्या की स्प्रॉकेट बदलावा. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवली, तर तिचे लिंक थोड्याच दिवसांत खराब होतात.