लंबकाच्या प्रयोगावर शोधनिबंध लिहिताना

प्रस्तावनेपासून लिहायला घेतलं की गॅलिलिओच्या चरित्रातच दोन पानं संपतात आणि स्वतः केलेला प्रयोग घाईत उरकला जातो. म्हणून आधी तक्ते आणि आलेख तयार करा. मग कार्यपद्धती, निष्पत्ती, चर्चा आणि त्यानंतर प्रस्तावना लिहा.

साध्या लंबकाने गुरुत्व त्वरण काढायचं आहे असं समजू. दुसऱ्या शाळेतल्या मुलीला तुमची कार्यपद्धती वाचून, तुम्हाला काही न विचारता, तोच प्रयोग करता आला पाहिजे. ‘दोऱ्याला गोळा बांधून वेळ मोजली’ एवढ्यावर तिचं भागणार नाही. गोळा किती अंशांतून सोडला? 30 अंशांतून सोडला तर दोलनकाल (एका दोलनाला लागणारा वेळ) सुमारे 1.7 टक्के वाढतो आणि उत्तर जवळपास 3.4 टक्के कमी येतं. 5 अंशांच्या आत हा परिणाम नगण्य असतो.

आता आकडे. लांबी 1 मीटर, 20 दोलनांना 40.2 सेकंद. ‘4π² × लांबी ÷ दोलनकालाचा वर्ग’ या सूत्रात ते घातले की कॅल्क्युलेटर 9.7716437 दाखवतो आणि विद्यार्थी तेच उतरवतात. पण स्टॉपवॉच दाबण्यात 0.2 सेकंद इकडेतिकडे झाले, तर वेळेत अर्धा टक्का त्रुटी आली. सूत्रात दोलनकालाचा वर्ग असल्याने उत्तरात ती एक टक्का होते. तेव्हा प्रामाणिक उत्तर 9.8 ± 0.1 मीटर प्रति सेकंद वर्ग.

चर्चेत ‘मानवी चुकांमुळे फरक आला’ हे वाक्य नको. त्यातून काहीच कळत नाही. कोणती चूक, उत्तर वाढवणारी की घटवणारी, आणि किती, ते लिहा. समजा, लांबी गोळ्याच्या केंद्रापर्यंत न मोजता फक्त हुकापर्यंत मोजली आणि दोन्हींत 1 सेंटिमीटरचं अंतर आहे. 1 मीटर या एकाच लांबीवर प्रयोग केला असेल तर उत्तर एक टक्का कमी येईल आणि कारण सापडणार नाही. पण 40 ते 120 सेंटिमीटरपर्यंत पाच लांबी घेऊन, दोलनकालाचा वर्ग उभ्या अक्षावर आणि लांबी आडव्या अक्षावर मांडली, तर रेषा आरंभबिंदूच्या थोडी वरून जाते. तिचा चढ मात्र बदलत नाही, त्यामुळे त्यावरून काढलेलं उत्तर बरोबर येतं. रेषा मागे वाढवली की ती आडव्या अक्षाला जिथे छेदते, तिथे तो राहून गेलेला सेंटिमीटरही मोजता येतो! अशी चर्चा वाचली की प्रयोग खरोखर समजून केलाय हे परीक्षकाला कळतं.

सारांश सगळ्यात शेवटी, शंभरेक शब्दांत लिहा. उत्तराचा आकडा त्रुटीसकट त्यात हवाच. एखादं वाचन वगळलं असेल तर वहीत ते वाचता येणार नाही असं खोडू नका. त्यावर एकच रेघ मारा आणि वगळण्याचं कारण निबंधात द्या.