सोळा घरं, एक नॉब आणि मिरजेची जवारी

कॉलेजचं गॅदरिंग असो की मित्राच्या गच्चीवरची मैफल, सांगलीत हल्ली एक नवं दृश्य बघायला मिळतं. टेबलावर वहीएवढं एक यंत्र असतं, त्याला पंचवीसेक बारक्या पट्ट्या, दोन ओळी नॉब आणि लुकलुकणारे दिवे. त्यामागे एखादा मुलगा किंवा मुलगी मान डोलावत उभी असते आणि समोरची मंडळी नाचत असतात. काठावर उभ्या असलेल्या वडीलधाऱ्यांपैकी कोणीतरी हमखास विचारतं, "हे आधीच भरून ठेवलंय ना? मग हा नेमकं वाजवतोय काय?"

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत अशा छोट्या सिंथेसायझरवर, म्हणजे विजेतून आवाज घडवणाऱ्या यंत्रावर, प्रत्यक्ष वाजवताना स्वरांची ओळ बहुतेक वेळा यंत्राच्या स्मरणात असते. वाजवणाऱ्याच्या हातात असतो त्या स्वरांचा पोत, आणि पोत हाताळणं हे वादनच आहे. माझ्या मते ही गोष्ट समजायला मिरजकरांइतकं सोयीचं ठिकाण दुसऱ्या कोणाला मिळालेलं नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

आधी यंत्र उघडून पाहू. उदाहरणादाखल कॉर्ग कंपनीचा 2017 साली आलेला मोनोलॉग घेऊ. तो पेन्सिल सेलवरही चालतो, एका वेळी एकच स्वर वाजवतो आणि त्याच्या आत खरीखुरी ॲनालॉग, म्हणजे सलग बदलत्या विजेवर चालणारी, मंडलं (सर्किटं) आहेत. सगळ्यात आधी येतो ऑसिलेटर. हे मंडल सेकंदाला ठरावीक वेळा वरखाली होणारं व्होल्टेज तयार करतं. व्होल्टेज हळूहळू चढून एकदम खाली पडत असेल, तर आलेखावर करवतीचे दाते दिसतात. सेकंदाला असे 110 दाते पडले की 110 हर्ट्झचा स्वर ऐकू येतो. मात्र त्यात 110 एकटा नसतो. 220, 330, 440, 550, 660 असे त्याच्या पटीतले सगळे स्वर, म्हणजे संनादी, त्यात दडलेले असतात आणि वर जाताना क्षीण होत जातात. दुसऱ्याचा आयाम, म्हणजे कंपनाची उंची, पहिल्याच्या निम्मा, तिसऱ्याचा एक तृतीयांश, असा तो हिशेब आहे. चौकोनी लाटेत फक्त विषम पटीतले स्वर असतात, म्हणून ती पोकळ, थोडी क्लॅरिनेटसारखी वाटते.

110 हा षड्ज धरला तर 220 वरचा सा, 330 पंचम, 440 आणखी वरचा सा आणि 550 चक्क गांधार. तानपुरा छेडल्यावर कोणी न लावताही ऐकू येणारा हाच तो स्वयंभू गांधार. करवती लाटेत तो पहिल्यापासून असतो, पण इतर स्वरांच्या गर्दीत कानाला वेगळा जाणवत नाही.

त्याला बाहेर काढतो फिल्टर. रॉबर्ट मूग यांच्या ज्या ट्रान्झिस्टर फिल्टरला 1969 साली अमेरिकेत पेटंट मिळालं, त्याने सिंथेसायझरचा आवाज कसा असावा याची जगाची कल्पनाच घडवली. हा फिल्टर एका ठरावीक वारंवारतेच्या वरचे स्वर दाबतो, खालचे जाऊ देतो. त्या सीमेला कटऑफ म्हणतात. मोनोलॉगसारख्या यंत्रात सीमेपलीकडे वारंवारता दुप्पट झाली की आयाम साधारण चौथ्या हिश्शावर येतो, चौपट झाली की सोळाव्या हिश्शावर. कटऑफचा नॉब खाली आणला की आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा बुजतो आणि वर नेला की चमकतो.

शेजारी दुसरा नॉब असतो, रेझोनन्सचा. फिल्टरमधून बाहेर पडलेला संकेत थोडा पुन्हा आत पाठवला की कटऑफच्या अगदी जवळचे स्वर फुगतात. अनुनादच तो. सतारीवर मुख्य तारेचा स्वर जुळला की खालची तरफेची तार आपोआप बोलते, ते तत्त्व इथे विजेच्या मंडलात काम करतं. आता रेझोनन्स वाढवून ठेवा, एकच खर्जाचा स्वर चालू ठेवा आणि कटऑफ अगदी सावकाश वर न्या. सा, वरचा सा, पंचम, पुन्हा सा, गांधार, पंचम असे स्वयंभू स्वर एकामागून एक उजळत जातात. पट्टीवर बोट एकच आहे, तरी कानाला सुरावट ऐकू येते. विज्ञानाच्या तासाला संनादी शिकवताना प्रत्येक शाळेत हा प्रयोग व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं. आलेखापेक्षा तो कितीतरी लवकर समजतो.

या दोन नॉबांनी नृत्यसंगीताचा एक अख्खा प्रकार जन्माला घातला. रोलँड कंपनीने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला टीबी-303 हे छोटं रुपेरी यंत्र काढलं ते एकट्या गिटारवाल्यांना साथीला बेस, म्हणजे खर्जाची ओळ, मिळावा म्हणून. त्या कामात ते फसलं आणि 1984 पर्यंत बंदही झालं. पुढे शिकागोतल्या तरुणांनी ते स्वस्तात मिळवलं, एकच ओळ फिरत ठेवून तिच्यावर कटऑफ आणि रेझोनन्स फिरवत राहिले आणि ॲसिड हाउस तयार झालं. त्याच्याही आधी, 1982 साली, मुंबईचे चरणजित सिंग यांनी हेच यंत्र आणि टीआर-808 हे ड्रम मशीन घेऊन भैरव, ललत यांसारखे राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले होते. तेव्हा फारसं कोणी ऐकलं नाही. 2010 साली ती तबकडी पुन्हा निघाली आणि जगभरच्या जाणकारांनी कान टवकारले. हे काम आपल्या मातीतून किती लवकर झालं होतं, याचा आपल्याकडे पुरेसा अभिमान बाळगला गेला नाही, याची मला खंत वाटते.

आता मिरजेकडे येऊ. सतारमेकर गल्लीत तयार होणाऱ्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळा आणि लाकडाचं काम डोळ्यांना दिसतं, पण वाद्याचा जीव असतो जवारीत, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्या माथ्याच्या घडणीत. तानपुऱ्याची घोडी टोकदार नसते, तिचा माथा रुंद आणि किंचित उताराचा असतो. कारागीर तो कानसीने घासून असा वाकवतो की कंप पावणारी तार त्या उतारावर क्षणोक्षणी टेकते आणि सुटते. मग वाजवणारा तारेखाली सुती दोरा सरकवतो. केसभर इकडे की आवाज बंद, केसभर तिकडे की झंकार खुला.

चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 साली यावर लिहिलं होतं. साध्या घोडीवरची तार एखाद्या संनादीच्या स्थिर बिंदूवर छेडली, तर तो संनादी उमटायला नको, असा जुना नियम आहे. तानपुरा आणि वीणेवर मात्र तो उमटतो आणि चांगला जोरात उमटतो, असं त्यांना आढळलं. कारण घोडीचा वक्र माथा तारेच्या कंपनातली ऊर्जा खालच्या संनादींकडून वरच्यांकडे पोचवत राहतो. म्हणूनच तार एकदाच छेडली तरी तिचा पोत विरेपर्यंत बदलत राहतो.

दोन्ही ठिकाणी स्वर तोच राहतो आणि त्यातला कोणता संनादी उजळायचा हे माणूस ठरवतो. तानपुऱ्यावर हा निर्णय मैफलीपूर्वी दोऱ्याने होतो, सिंथवर तो मैफल चालू असताना, लोकांच्या तोंडाकडे बघत, बोटाच्या चिमटीत होतो. गच्चीवरच्या त्या मुलाचं कसब इथे असतं. कटऑफ आठ आवर्तनांत उघडायचा की बत्तीस, किती उशीर केला की लोक अधीर होतील आणि किती केला की कंटाळतील, याला रियाज लागतो.

लयीचा भाग त्यामानाने चटकन समजतो. सिक्वेन्सरमध्ये, म्हणजे स्वरांची ओळ लक्षात ठेवून फिरत वाजवणाऱ्या भागात, सोळा घरं असतात. प्रत्येक घरात स्वर ठेवायचा, ठोका ठेवायचा किंवा रिकामं सोडायचं. त्रितालाच्या सोळा मात्रा आठवतील, पण इथे एका ठोक्याचे चार भाग आणि असे चार ठोके, म्हणून सोळा. नाचाची लय साधारण मिनिटाला 120 ते 130 ठोके असते. 125 धरली तर एक ठोका 480 मिलिसेकंदांचा, एक घर 120 मिलिसेकंदांचं आणि पूर्ण आवर्तन दोन सेकंदांच्या आत संपतं. घरांची संख्या सोळाऐवजी चौदा केली की बेसची ओळ ढोलाच्या सोळा घरांवरून घसरत जाते आणि सात आवर्तनांनी पुन्हा समेवर येते. 1983 पासून चालत आलेल्या मिडी पद्धतीत दोन यंत्रं एकमेकांना जोडली की एक यंत्र दुसऱ्याला प्रत्येक ठोक्यात 24 बारीक टिचक्या पाठवतं. आपल्या 125 च्या लयीत दर 20 मिलिसेकंदांनी एक.

एवढ्या काटेकोरपणाने संगीत मात्र यांत्रिक होतं. म्हणून स्विंगची सोय असते. तिने दर दुसरं घर थोडं उशिरा वाजतं. दहा मिलिसेकंदांचा उशीरही अंगाला जाणवतो आणि ठेका डुलायला लागतो. आपल्या धनगरी ढोलाच्या गजनृत्यात हे डुलणं माणसाच्या मनगटातून येतं. यंत्रावर ते आकड्याने बसवावं लागतं आणि योग्य आकडा कानानेच सापडतो. उशिराचा त्रासही आहेच. ध्वनी दहा मिलिसेकंदांत जेमतेम साडेतीन मीटर जातो. मैदानात स्पीकर वीस मीटर पुढे असेल तर वाजवणाऱ्याला स्वतःचाच ठोका सुमारे 58 मिलिसेकंद उशिरा ऐकू येईल, म्हणजे जवळजवळ अर्धं घर मागे. त्यामुळे कानाला हेडफोन किंवा पायाशी मॉनिटर, म्हणजे स्वतःसाठीचा स्पीकर, हवाच.

आणि माणसं नाचतात ते कशामुळे? ठेका नुसता ऐकला, शरीर जराही हललं नाही, तरी मेंदूतले हालचालीशी संबंधित भाग जागे होतात, हे मेंदूच्या प्रतिमांतून दिसलं आहे. पण बेसचा वाटा वेगळाच आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी एका इलेक्ट्रॉनिक जोडीच्या प्रत्यक्ष मैफलीत प्रयोग केला आणि तो 2022 साली प्रसिद्ध झाला. त्यांनी 8 ते 37 हर्ट्झचा अतिखर्ज दर अडीच मिनिटांनी चालू-बंद केला आणि प्रेक्षकांच्या डोक्याला बांधलेल्या पट्ट्यांवरून हालचाल मोजली. अतिखर्ज चालू असताना लोक सरासरी 11.8 टक्के जास्त हलले. तो कधी चालू आहे आणि कधी बंद, हे मात्र नंतरच्या चाचणीत कोणाला ओळखता आलं नाही. त्वचा आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा यांना तो पोचत असावा, असा त्या संशोधकांचा कयास आहे.

छोट्या यंत्राच्या अंगच्या स्पीकरला हे झेपत नाही. 50 हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळपास सात मीटर असते आणि बोटभर पडदा तेवढी हवा हलवू शकत नाही. तरी त्यावर बेसची सुरावट ओळखता येते, कारण 100, 150, 200 हे संनादी ऐकून मेंदू हरवलेला 50 स्वतः भरून काढतो. सुरावट कळते, छातीत धक्का बसत नाही. धक्क्यासाठी मोठे स्पीकर लागतात आणि मग जबाबदारीही येते. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक नाही. ऐकणाऱ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली मैफलीच्या ठिकाणी सरासरी 100 डेसिबलची वरची रेषा आखली. दर तीन डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, हे आवाजाचा स्लाइडर वर ढकलण्यापूर्वी आठवावं. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. गणपतीच्या मिरवणुकीत लहान मुलांना स्पीकरच्या भिंतीपुढे उभं केलेलं पाहिलं की माझा जीव तुटतो.

एक काम अजून व्हायचं आहे आणि ते सांगली-मिरजेनेच करावं, असं मला वाटतं. 1910 साली सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरभेदांची, मोजदाद प्रसिद्ध केली. पेटीच्या पट्ट्या आपल्या स्वरांशी जुळत नाहीत, हे त्यांनी आकड्यांत मांडलं आणि त्या अभ्यासात पुढे मिरजेला स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा त्यांच्या मदतीला होता. श्रुतींना पट्ट्या देणारी खास हार्मोनियमही बनवून घेतली गेली, पण ती रुजली नाही. तो अडसर आजच्या सिंथमध्येही आहे. 110 च्या खर्जातला स्वयंभू गांधार 550 हर्ट्झवर असतो, पट्टीवरचा गांधार मात्र 554.4 वर. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला चार-साडेचार हिसके बसतात. सातवा संनादी तर 770 वर आहे आणि पट्टीवरचा कोमल निषाद 784 वर.

फरक एवढाच की आता नवी पेटी बांधायला नको. मोनोलॉगसारख्या यंत्रात प्रत्येक पट्टी सेंटच्या मापात वरखाली करण्याची सोय आहे. सेंट म्हणजे दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. गांधार 14 सेंटने उतरवला की ते हिसके थांबतात आणि कटऑफ त्या जागी नेला की फिल्टरमधून उजळणारा गांधार आणि बोटाखालचा गांधार एकमेकांत मिळून जातात. ज्या मुलांकडे असं यंत्र आहे त्यांनी ते एकदा मिरजेला न्यावं, जवारी करणाऱ्या कारागिरासमोर ठेवावं आणि त्यांच्या कानाने एकेक पट्टी जुळवून घ्यावी. जुळलेले आकडे यंत्रात साठवता येतात आणि दुसऱ्याच्या यंत्रात भरताही येतात.