मेमरीतले पहिले ४ किलोबाइट कोणासाठी राखलेले असतात?

बेळगावात रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा एका बोर्डवरचा संगणक, आता नवलाईचा राहिलेला नाही. व्हीटीयू या तंत्र विद्यापीठाच्या कॉलेजांत शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला तो असतो, उद्यमबागेतल्या शेडमध्ये मशीनचे रीडिंग घ्यायलाही चालतो. खानापूर-निपाणीकडची, दहावीपर्यंत मराठीत शिकलेली मुलं स्वतः कर्नल, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, बिल्ड करू लागली आहेत. अशा वेळी चार कोअरच्या (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणन-भागांच्या) बोर्डवर एकच कोअर जागा झालेला दिसला, तर डिव्हाइस ट्रीमधली, म्हणजे कर्नलला बोर्डची माहिती देणाऱ्या फाइलमधली, मेमरीचे पहिले ४ किलोबाइट राखून ठेवणारी ओळ आधी तपासावी. बिनकामाची समजून ती सहज काढून टाकली जाते.

२०१२ च्या पहिल्या पायमध्ये कोअर एकच होता, त्यामुळे हा प्रश्नच नव्हता. फेब्रुवारी २०१५ मध्ये पाय २ चार कोअर घेऊन आला. या बोर्डवर आधी जीपीयू (चित्र दाखवणारा प्रोसेसर) जागा होतो, एसडी कार्डवरून फर्मवेअर (हार्डवेअर चालवणारा मूळ प्रोग्रॅम) उचलतो आणि मेमरीच्या अगदी सुरुवातीला, शून्य पत्त्यावर, एक छोटा प्रोग्रॅम ठेवतो. चारही कोअर तिथूनच निघतात. शून्य क्रमांकाचा कोअर कर्नलकडे जातो, उरलेले तीन त्याच प्रोग्रॅमच्या लूपमध्ये फिरत थांबतात. पाय २ वर त्यांना पुढे कुठे जायचं तो पत्ता हार्डवेअरमधल्या मेलबॉक्समधून, म्हणजे निरोप ठेवायच्या जागेतून, मिळायचा. पाय ३ च्या ६४ बिट बूटमध्ये (सुरू होण्याच्या प्रक्रियेत) तो पत्ताही रॅममध्येच आला. कर्नल ठरलेल्या जागी पत्ता लिहितो, इशारा देतो, आणि थांबलेला कोअर तिकडे उडी मारतो. ही स्पिन-टेबलची रीत.

ही रीत पायवाल्यांनी शोधलेली नाही. पॉवरपीसी या वेगळ्या घराण्यातल्या प्रोसेसरच्या जगात २००८ च्या ईपॅपर मानकात ती लिहिलेली होती. २०१२ मध्ये लिनक्समध्ये ६४ बिट एआरएम (पायमधल्या प्रोसेसरचं घराणं) आलं तेव्हा तिथेही ती घेतली गेली, आणि कोअर थांबतात ती जागा राखीव असलीच पाहिजे अशी अट कर्नलच्या कागदपत्रांत आली. कारण उघड आहे. ती जागा मोकळी समजून कोणी दुसरं काही लिहिलं, तर लूपही गेला आणि टेबलही. पायचा ६४ बिट कर्नल बहुधा ५१२ किलोबाइटच्या पुढे चढतो, म्हणून ओळ नसली तरी कधी कधी सगळं सुरळीत चालतं. हाच खरा त्रास. आज चार कोअर, उद्या एक, आणि माणूस पॉवर सप्लायवर संशय घेत बसतो.

पीसीवर वापरल्या जाणाऱ्या ईएफआय पद्धतीने बूट करताना गुंता वाढला. तिथे लिनक्स डिव्हाइस ट्रीतली ती राखीव नोंद धरत नाही, ईएफआयचा मेमरी नकाशा पाहतो. म्हणून यू-बूट या कर्नल चढवणाऱ्या प्रोग्रॅमला त्या नकाशातही मेमरीचा हा भाग राखीव दाखवावा लागला.

रॉकचिप, ऑलविनर या कंपन्यांच्या चिप असलेल्या ६४ बिट बोर्डांवर स्पिन-टेबलऐवजी बहुधा पीएससीआय ही दुसरी रीत असते. तिथे कोअर जागा करायचं काम कर्नल फर्मवेअरवर सोपवतो. २०२३ च्या पाय ५ नेही तीच वाट धरली. पण जागा राखणं संपलं नाही, उलट वाढलं. तिथे शून्यापासूनचे ५१२ किलोबाइट त्या फर्मवेअरसाठी बाजूला ठेवलेले आहेत. त्यामुळे पाय ३ च्या फाइलमधली ४ किलोबाइटची ओळ पाय ५ वर उचलून चालत नाही.