सांबार, सायकल आणि पावलं मोजणारा फोन

परवा रविवारी सहावीतला एक मुलगा आईसोबत आमच्या घरी आला. तपासणीत त्याचं वजन जास्त निघालं होतं. कुणीतरी आईला सांगितलं होतं की फोनमध्ये वजन कमी करायचं ॲप टाका आणि पोराला रोज दहा हजार पावलं चालवा. आई माझ्याशी बोलत होती तोवर पोरगा ओसरीतल्या बाजेवर बसून बाबांचा फोन खाली-वर हलवत होता. मग एकदम म्हणाला, "सर, पाहा ना, बसल्या बसल्या पावलं वाढून रायले!"

मी उठून त्याच्याजवळ जाऊन बसलो. ओसरीतच नातीचा पाळणा टांगलेला आहे. तो रिकामा होता, म्हणून त्यात फोन ठेवून झोका द्यायला सांगितलं. शंभर झोके झाले तरी आकडा जागचा हलला नाही. हातानं हलवला की पावलं मोजतो आणि पाळण्यात मोजत नाही, असं का? गेली कित्येक वर्षं विज्ञान शिकवतो आहे, पण इतका चांगला प्रश्न वर्गात क्वचितच मिळतो.

फोनमध्ये त्वरण, म्हणजे वेगातला बदल, मोजणारी त्वरणमापक नावाची एक चीप असते. तिच्या आत सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म ठोकळा सिलिकॉनच्याच स्प्रिंगांवर तरंगत असतो. ठोकळ्याला फणीसारखे दात असतात. ते समोरच्या पक्क्या बसवलेल्या फणीच्या दातांमध्ये शिरलेले असतात, पण तिला टेकत नाहीत. मधली फट केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक. समोरासमोरचे दोन दात म्हणजे विजेच्या दोन पट्ट्या, आणि त्यांच्यात किती विद्युतभार साठेल हे मधल्या फटीवर ठरतं. फोनला धक्का बसला की ठोकळा जडत्वामुळे किंचित मागे राहतो. एस.टी. सुटताना उभा माणूस मागे जातो ना, तसाच. फट बदलते, साठणारा भार बदलतो आणि चीप त्यावरून त्वरण काढते. वर-खाली, डावी-उजवी, पुढे-मागे अशा तिन्ही दिशांना हे मोजमाप सेकंदाला पन्नास-शंभर वेळा चालतं. मोटारीत टक्कर ओळखून एअरबॅग उघडायची, त्यासाठी याच जातीच्या चिपा 1990 च्या दशकात मोठ्या संख्येनं बनू लागल्या होत्या.

फोन टेबलावर निवांत पडलेला असला तरी ही चीप शून्य दाखवत नाही. ती 9.8 (मीटर प्रति सेकंद वर्ग) दाखवते, कारण गुरुत्वाकर्षण ठोकळ्याला सतत खाली ओढत असतं. म्हणूनच फोनला खाली कुठे आणि वर कुठे हे कळतं, आणि आपण तो आडवा केला की चित्रही आडवं होतं.

आता चालण्याकडे येऊ. दर पावलाला आपलं धड चार-पाच सेंटिमीटर खाली-वर होतं आणि टाच टेकताना हिसका बसतो. आलेखावर हे एकामागोमाग एक टेकड्यांसारखं दिसतं. साधारण चालीत सेकंदाला दोनच्या आसपास टेकड्या येतात. फोन खिशात कसाही पडलेला असतो, म्हणून आज्ञावली आधी तिन्ही दिशांच्या आकड्यांचे वर्ग करून बेरीज घेते आणि तिचं वर्गमूळ काढते. हा पायथागोरसच, फक्त तीन मितींमधला. मग फार हळू आणि फार जलद अशी दोन्ही कंपनं गाळली जातात. उरलेल्या टेकड्यांपैकी ठरावीक उंचीच्या वरच्या तेवढ्याच मोजल्या जातात. बरेच फोन सलग काही टेकड्या एका तालात येईपर्यंत थांबतात आणि मग मागची पावलं एकदम जमा करतात. दीड मीटर दोरीच्या पाळण्याला एका पूर्ण झोक्याला जवळपास अडीच सेकंद लागतात. ती चाल माणसाची नाही, म्हणून फोन तिला गाळून टाकतो. पोराचा हात मात्र बरोबर सेकंदाला दोनदा हलत होता.

थोडक्यात, हे यंत्र श्रम मोजत नाही, ताल मोजतं. आमच्याकडे यामुळे मोठा घोळ होतो. मानव विकास योजनेतून मिळालेल्या सायकलीवरून चार किलोमीटर शाळेत येणारी आठवीतली मुलगी चांगली घामाघूम होते, पण दप्तरातल्या फोनला तिच्या पायांची खबर नसते. सुट्टीच्या दिवशी वावरात कापूस वेचणारं पोर दोन झाडांमध्ये एक पाऊल टाकतं, थांबतं, वाकतं, परत एक पाऊल टाकतं. ताल नाही, म्हणून नोंदही नाही. आणि बहुतेक घरांत चांगला फोन एकच असतो. तो बाबांच्या खिशात बसून वावरात जातो आणि बाबांची पावलं पोराच्या नावावर चढतात.

दहा हजारांचा आकडाही कुठल्या प्रयोगातून निघालेला नाही. टोकियोच्या 1964 च्या ऑलिम्पिकनंतर जपानमध्ये 1965 साली ‘मानपो-केई’ नावाचं पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं. त्या नावाचा अर्थच दहा हजार पावलांचा मापक. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयासाठी पावलं सांगत नाही. ती सांगते दिवसाला सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल. कबड्डी, सायकल, लंगडी, काहीही चालेल.

पावलांवरून ॲप कॅलरी काढतं, तिथे अंदाजावर अंदाज चढतो. सपाटीवर चालायला दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला साधारण अर्धी किलोकॅलरी जादा लागते. 45 किलोचा मुलगा 3 किलोमीटर चालला तर झाल्या सुमारे 68. तळलेल्या चिप्सच्या 20 ग्रॅमच्या पुडीत शंभराच्या वर असतात. चालायचं नाही असं मी म्हणत नाही. चालण्यानं हाडं, स्नायू, झोप, सगळं सुधारतं. पण दुकानातली पुडी चालून ‘फेडता’ येते ही समजूत मुलांच्या डोक्यात बसू देऊ नका.

खाण्याच्या नोंदीचं उदाहरण त्याच ओसरीतलं. आईनं सकाळचं जेवण सांगितलं: ज्वारीची भाकर, आलू-वांग्याची भाजी, वरून सांबार. पोरानं तसं ॲपमध्ये टाकलं. ॲपनं वाटीभर तुरीच्या डाळीचं, इडलीसोबतचं सांबार जमा केलं! आमच्याकडे विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर, हे त्या ॲपला कुणी शिकवलेलंच नाही. भाजीत तेल किती पडलं हेही त्याला कळत नाही, आणि एका लहान चमच्याला, म्हणजे 5 ग्रॅम तेलाला, 45 किलोकॅलरी असतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2017 साली 528 भारतीय खाद्यपदार्थांचे घटक मोजून तक्ते छापले आहेत. ते काम अव्वल आहे. पण तक्त्यातलं वांगं आणि आपल्या कढईतलं वांगं यांच्यामध्ये तेलाची पळी असते.

सगळ्यात मोठी चूक मात्र वजनाच्या लक्ष्याची. मोठ्यांची ॲपं ‘इतके किलो कमी करा’ म्हणतात. मूल वाढत असतं. समजा 11 वर्षांच्या मुलाची उंची 140 सेंटिमीटर आणि वजन 45 किलो आहे. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की बीएमआय येतो 23. मोठ्यांच्या पट्टीवर हा आकडा जेमतेम काठावर बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या वयवार तक्त्यात मात्र 11 वर्षांच्या मुलाचा मधला आकडा 17 च्या आसपास आहे, आणि 23 म्हणजे लठ्ठपणाच्या रेषेच्या वर. वर्षभरानं तोच मुलगा 147 सेंटिमीटर आणि 46 किलो झाला, तर बीएमआय 21.3. बारा वर्षांसाठी हा आकडा अजून जास्तच आहे, पण लठ्ठपणाच्या रेषेखाली आला. वजन एक किलो वाढलं आणि तब्येत सुधारली! ॲपवर मात्र तो वर्षभर नापास दिसेल. वय आणि उंची न विचारता लक्ष्य देणारं ॲप मुलाच्या फोनमधून काढून टाका.

दुसरी बाजू विसरून चालणार नाही. 2016-18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात 10 ते 19 वयाच्या मुलांत 24 टक्के बारीक निघाली आणि 5 टक्के जादा वजनाची. मेळघाट आमच्याच विदर्भात आहे. काडीसारखी मुलगी मैत्रिणीचं पाहून जेवण तोडते आणि रोज आकडे तपासते, हे मी पाहिलं आहे. मूल जेवण टाळू लागलं, लपून खाऊ लागलं, तर ॲप त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा.

या मुलाची आजी म्हणते, "पोराचं वजन करू नये, नजर लागते." आजींचा जीव नातवावर आहे हे मला समजतं. पण काट्यावर उभं राहून कुणाचं काही बिघडत नाही. न मोजल्यानं मात्र बिघडतं, कारण गुटगुटीत आणि लठ्ठ यांतला फरक प्रेमाच्या डोळ्यांना दिसत नाही. व्हॉट्सॲपवर ‘महिन्यात दहा किलो’ म्हणून फिरणाऱ्या भुकट्या मुलांना चुकूनही देऊ नका.

आणखी एक गोष्ट. अमेरिकेत 8 ते 17 वयाच्या मुलांसाठी कुर्बो नावाचं ॲप होतं. पालकांची नीट परवानगी न घेता 13 वर्षांखालच्या मुलांची माहिती जमवल्याबद्दल त्याच्या कंपनीला 2022 साली 15 लाख डॉलर दंड भरावा लागला. आपल्या 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यातही 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीला पालकांची संमती हवी असं म्हटलं आहे. ॲप टाकताना मुलाचं वय खोटं लिहू नका.

मग फोनचा उपयोग काय? नोंद ठेवण्याची सवय, एवढाच. पण तो छोटा नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची 2023 ची शिफारस अशी आहे की मूल आणि घरचे यांच्यासोबत प्रत्यक्ष बसून, 3 ते 12 महिन्यांत किमान 26 तास काम व्हावं. अशा दोन भेटींमधल्या दिवसांत आठवण द्यायला ॲप कामाचं. आमच्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. मधले महिने घरालाच सांभाळायचे आहेत.

त्या दिवशी आम्ही ॲपातलं वजनाचं लक्ष्य पुसलं आणि एक वही घेतली. रकाने तीनच: दम लागेपर्यंत किती मिनिटं खेळलो, दुकानातलं काय खाल्लं, रात्री किती वाजता झोपलो. आईनंही स्वतःचे तेच रकाने आखले, कारण घरात एकट्या पोराचीच पुडी बंद झाली तर ती टिकत नाही. मग चप्पल काढून त्याला भिंतीला टाच टेकून उभं केलं, डोक्यावर भूगोलाचं पुस्तक आडवं धरलं आणि पेन्सिलीनं खूण केली. 140 ला एक बोट कमी. किराणा दुकानातल्या धान्याच्या काट्यावर, त्याच कपड्यांत, वजन घेतलं. आकडा आईनं वहीच्या मागच्या पानावर लिहिला आणि पान दुमडलं. पुढचं माप दिवाळीची सुट्टी संपली की, त्याच भिंतीशी आणि त्याच काट्यावर.