टॅप जांभळ्या पैठणीवर, उघडते हिरवी: असं का होतं?

आम्ही साड्यांच्या दुकानांसाठी ॲपं बनवतो. लग्नसराईत असा फोन रोज एक तरी येतो. गिऱ्हाईक जांभळ्या पैठणीवर बोट ठेवतं, पुढच्या पानावर हिरवी उघडते आणि दुकानदार आम्हाला म्हणतात, ‘तुमचं ॲप बिघडलंय.’ कधी बिघडलेलं असतंही. पण बहुतेकदा घोळ फोटो पाठवतानाच झालेला असतो.

ॲपला साडी दिसत नाही, चौकट कळते. बोट पडलं की फोन फक्त कुठल्या चौकटीवर पडलं ते सांगतो. त्या चौकटीला आम्ही मालाचा क्रमांक चिकटवलेला असतो. तो वाचून पुढचं पान उघडतं.

‘वरून तिसरा फोटो म्हणजे ती साडी, एवढं पुरे की!’ असं बरेच जण म्हणतात. नाही पुरत. यादी सरकवली की वर गेलेल्या चौकटीच फोन खाली पुन्हा वापरतो. शिवाय गिऱ्हाइकाने ‘दहा हजारांच्या आत’ असं निवडलं की तिसरी साडी वेगळीच होते. स्वस्तातली काही ॲपं अशा मोजणीवरच चालतात आणि नवा माल चढेपर्यंत छान चालतातही. कोणाकडूनही ॲप घ्या, पण आधी अशी निवड लावून तिसऱ्या फोटोवर टॅप करून बघा.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही फोटोला साडीचा क्रमांक, समजा 1047, असं नाव देता आणि व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो म्हणून पाठवता. तिथे ते नाव पुसलं जातं. आमच्या फोनवर तो ‘आयएमजी’, तारीख आणि ‘डब्ल्यूए 0007’ अशा नावाने उतरतो. मग ऐंशी फोटो समोर ठेवून आम्ही डोळ्यांनी जुळवत बसतो. बांगडी मोर आणि आसावली अशी पदरावरची नक्षी ओळखू येते हो, पण मुनिया म्हणजे पोपटाच्या नक्षीच्या दोन साड्या, एक जांभळी आणि एक वांगी रंगाची, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली काढलेल्या? अर्धा दिवस जातो, आणि चूक झाली की ती थेट गिऱ्हाइकाच्या हातात पडते.

म्हणून फोटो क्लिपच्या चिन्हातून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नाव टिकतं, जरीचं कामही स्वच्छ दिसतं. तेवढं जमत नसेल तर साडीच्या कडेला क्रमांकाची चिठ्ठी ठेवून फोटो काढा. चिठ्ठी आम्ही कापून टाकू. विकलेल्या साडीचा क्रमांक नव्या साडीला देऊ नका, नाहीतर कोणीतरी आवडीच्या यादीत ठेवलेली जुनी साडी उघडायला जाईल आणि नवी दिसेल.

एकाच फोटोत चार साड्या जोडून पाठवल्या तर ॲपच्या लेखी ती एकच चौकट. तिचे भाग पाडता येतात, पण प्रत्येक फोनवर फोटोच्या कडा वेगळ्या कापल्या जातात. त्यामुळे त्याचे वेगळे पैसे घेतो, आणि खरं तर नकोच म्हणतो.

एका ओळीत पाच फोटोंचा आग्रहही आम्ही मोडून काढतो. तसं केलं तर नेहमीच्या फोनवर एकेक फोटो 13-14 मिलिमीटरचा होतो. अँड्रॉइडच्या शिफारशीप्रमाणे बोटासाठी साधारण 9 मिलिमीटर जागा लागते, तेवढी तर आवडीच्या यादीसाठीचा कोपऱ्यातला बदामच खातो. साडी दाबायला उरलं काय? दोनच ठेवा, पदर तरी दिसेल.

क्रमांकासह आलेले फोटो चढवण्याचे पैसे वार्षिक देखभालीतच धरलेले आहेत. बिनक्रमांकाच्या फोटोंची जुळवणी वेगळी लावतो. ॲप दुसऱ्याकडून केलेलं असलं तरी घेऊन या. तपासून सांगायचे पैसे घेत नाही.