आंतरराष्ट्रीय परवाना आणि ब्रिटनमधील बारा महिने

‘आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला आणि दरवर्षी तो नवा करून घेतला की परदेशात कायम गाडी चालवता येते’, असा एक समज बराच काळ फिरत आहे. ‘परवाना’ या शब्दामुळे तो होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ही पुस्तिका म्हणजे आपल्या मूळ भारतीय परवान्याचा अनेक भाषांतील अनुवाद असून तिची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते आणि मूळ परवान्यावाचून तिला अर्थ नाही.

ब्रिटनचेच पाहू. तेथे राहायला गेलेल्या व्यक्तीला वैध भारतीय परवान्यावर मोटार चालवता येते, पण रहिवासी झाल्यापासून फक्त बारा महिने. ही मुदत वास्तव्यावरून मोजली जात असल्याने पुस्तिका नवी केली तरी वाढत नाही. ज्या देशांचे परवाने थेट बदलून मिळतात त्यांच्या यादीत भारत नाही. त्यामुळे आधी शिकाऊ परवाना, मग संगणकावरची नियमज्ञानाची (थिअरी) परीक्षा आणि त्यानंतरच प्रत्यक्ष चाचणी, हाच क्रम राहतो. पुण्यात वीस वर्षे गाडी चालवलेल्यालाही यातून सूट नाही, हे थोडे जिव्हारी लागते खरे.

पडताळणीसाठी ब्रिटिश सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर परवाना देणारा देश निवडावा. लागू नियम तेथेच दिसतात.