सिंगापूरच्या वहीत न मावणारा धूर

सिंगापूर बंदरात 2024 मध्ये जहाजांनी सुमारे 5.5 कोटी टन इंधन भरून घेतलं. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही बंदरात एवढी विक्री होत नाही. हे तेल जळून किती कार्बन डायऑक्साइड निघेल, हा हिशेब शाळेतल्या रसायनशास्त्रावर होतो. जहाजाच्या जड तेलात वजनाने साधारण 85 टक्के कार्बन असतो. कार्बनचा अणुभार 12. त्याला हवेतल्या ऑक्सिजनचे दोन अणू, म्हणजे 32, जोडले गेले की होतात 44. त्यामुळे एक टन तेलामागे सुमारे 3.1 टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. 5.5 कोटी टनांचे झाले 17 कोटी.

आता या बेटाचं स्वतःचं उत्सर्जन बघा. वीजकेंद्रं, तेलशुद्धीकरण कारखाने, मोटारी, सगळं धरून वर्षाला सहा कोटी टनांच्या आसपास. म्हणजे बंदरात विकलेल्या तेलाचा धूर देशाच्या धुराच्या जवळजवळ तिप्पट. तरीही सिंगापूरच्या राष्ट्रीय बेरजेत हे 17 कोटी टन धरलेले नसतात. इतर कोणत्याही देशाच्या बेरजेतही ते नसतात.

ही लबाडी नव्हे, नियमच तसा आहे. एकाच देशाच्या दोन बंदरांमधला प्रवास त्या देशाच्या खाती लागतो, मग जहाजावर झेंडा कोणाचाही असो. पण प्रवास दोन देशांमधला असेल, तर त्या इंधनाचा आकडा अहवालात केवळ माहितीपुरता वेगळा लिहायचा, बेरजेत धरायचा नाही. याचे परिणाम मजेशीर होतात. मुंबईहून कोलकात्याला जाणारं जहाज श्रीलंकेला वळसा घालून जातं आणि त्याचा सगळा धूर भारताच्या नावावर पडतो. तेच जहाज वाटेत कोलंबोलाच थांबून माल उतरवून परतलं, तर तो धूर कोणाचाच नाही.

मग तो कोणाच्या नावावर टाकायचा? 1996 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक चर्चेत यासाठी तब्बल आठ पर्याय मांडले गेले. एकावरही एकमत झालं नाही. पुढच्याच वर्षी क्योटो करारात हा प्रश्न लंडनच्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेकडे सोपवण्यात आला.

हा गुंता एका कल्पित जहाजावर करून पाहू. इंडोनेशियाचा कोळसा घेऊन ते रत्नागिरीजवळच्या जयगड बंदराकडे निघालंय. मालक ग्रीक, झेंडा लायबेरियाचा, खलाशी भारतीय आणि फिलिपिनो, इंधन सिंगापूरला भरलेलं. झेंड्यावरून हिशेब करायचा तर लायबेरिया, पनामा आणि मार्शल बेटं या तिघांच्या माथी जगातल्या 40 टक्क्यांहून जास्त जहाज-क्षमता येईल, कारण नोंदणी तिथे सोयीची आणि स्वस्त पडते. मालावरून करायचा तर भारताचा आकडा फुगेल. आपला परदेश व्यापार वजनाने सुमारे 95 टक्के समुद्रमार्गेच होतो. मला विचाराल तर माल मागवणाऱ्याचा वाटा यात असायलाच हवा, पण एका कंटेनर जहाजावर हजारो व्यापाऱ्यांचा माल असतो. तिथे वाटणी करताना नाकी नऊ येतील.

आणि इंधन विकणाऱ्यावरून? 2023 च्या अखेरीस येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेल जास्त लागू लागलं, आणि 2024 मध्ये सिंगापूरची विक्री विक्रमी झाली. त्यात सिंगापूरचा काय दोष? त्याने एकट्याने या तेलावर कार्बन कर बसवला, तरी धूर कमी होणार नाही. मोठ्या जहाजाच्या टाक्यांत हजारो टन तेल मावतं; ते शेजारच्या मलेशियात, अमिरातीतल्या फुजैराला नाहीतर चीनच्या चौशानला जाऊन भरून घेईल.

कर कोणीही लावो, आधी तेल नीट मोजलं गेलं पाहिजे, आणि इथे सिंगापूरने मोलाचं काम केलंय. पूर्वी तेल पुरवणाऱ्या बार्जच्या टाकीत मोजपट्टी सोडून पातळी बघत. लबाड पुरवठादार तेलात हवा फुंकायचा, फेसाने पातळी वर चढायची. उंचावरून दूध ओतून माप फेसाने भरणारा गवळी आठवा. या धंद्यात त्या प्रकाराला कॅपुचिनो म्हणतात! जानेवारी 2017 पासून सिंगापूरने जड तेलासाठी वस्तुमान मोजणारे मीटर सक्तीचे केले. नळीतून जाताना तेलाचं थेट वजनच मोजलं जातं, त्यामुळे फेसाचा डाव उघडा पडतो.

दुसरी मोजणी तेलाला हात न लावता होते. मोठी जहाजं आपली जागा आणि वेग रेडिओवरून सतत प्रक्षेपित करत असतात. इंजिनाला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे वेगावरून तेलाचा अंदाज बांधता येतो. याच गणिताने दिसतं, की वेग 10 टक्क्यांनी उतरवला तर तासाचा खर्च सुमारे 27 टक्के घटतो. वेळ जास्त लागूनही अख्ख्या फेरीत 19 टक्के तेल वाचतं. अशाच पद्धतीने सागरी संघटनेने 2018 सालचं जगभरच्या जहाजांचं उत्सर्जन काढलं. ते होतं सुमारे 106 कोटी टन कार्बन डायऑक्साइड, मानवी उत्सर्जनाच्या जेमतेम तीन टक्के.

युरोपीय संघाने मात्र वाट न पाहता तोड काढली. 2024 पासून न्हावाशेवाहून रॉटरडॅमला थेट गेलेल्या मोठ्या जहाजाचा निम्मा धूर युरोपच्या कार्बन बाजारात, म्हणजे धुराच्या टनामागे परवाना विकत घ्यावा लागतो तिथे, धरला जातो, उरलेला निम्मा सोडून दिला जातो. सरळसोट व्यापारी तडजोड आहे, पण चालते. जगभरासाठी असा दर ठरवायचा प्रस्ताव ऑक्टोबर 2025 मध्ये लंडनला मंजुरीसाठी आला, तेव्हा 57 विरुद्ध 49 मतांनी निर्णय वर्षभर पुढे ढकलला गेला.

सिंगापूरच्या स्वतःच्या खात्यात बसतात ती बंदरातली लहान जहाजं: टगबोटी, प्रवासी बोटी आणि तेल पोचवणाऱ्या बार्ज. 2030 पासून इथे येणारी अशी प्रत्येक नवी बोट विजेवर चालणारी, शंभर टक्के जैवइंधन पेलणारी किंवा हायड्रोजनसारख्या शून्य-कार्बन इंधनाला जुळणारी असावी लागेल. म्हणजे बार्जच्या इंजिनाचा धूर मोजला जाईल, तिने पोचवलेल्या हजारो टन तेलाचा नाही.